कागदावरची थोरली

माझे आई-वडील दोघंही पेन्शनर. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, नाना प्राथमिक शाळेत गुरुजी. दोघं आता चौसाळ्याच्या घरी राहतात आणि मी बीडला. दर जुलैत एका रविवारी मी लॅपटॉप काखोटीला मारून चौसाळ्याला जाते आणि दोघांची इन्कम टॅक्सची विवरणपत्रं भरते. शेजारणींना वाटतं, लेक माहेरपणाला आली. खरं तर त्या दिवशी मी बिनपगारी कारकून असते. दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते, तोच काय तो मेहनताना.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी आईचं विवरणपत्र उघडलं आणि बघते तर तिनं मागच्या आर्थिक वर्षात ऐंशी पूर्ण केलेली. साठीच्या पुढचा माणूस सरकारच्या लेखी ज्येष्ठ नागरिक, आणि ऐंशीच्या पुढचा अतिज्येष्ठ. ज्येष्ठाला तीन लाखांपर्यंत कर नाही, अतिज्येष्ठाला पाच लाखांपर्यंत. त्याशिवाय ठेवींच्या व्याजाची वजावट होतीच, औषधपाण्याच्या खर्चाची होती. सगळी गोळाबेरीज केली तर निव्वळ ऐंशीची झाल्याबद्दल आईचे दहा हजार चारशे रुपये वाचत होते. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कोन ऐंशीची?" पेपरातून डोकं वर काढत नाना म्हणाले.

"आई. अतिज्येष्ठ नागरिक."

"आन् मी?"

"तुम्ही अठ्ठ्याहत्तर. नुसते ज्येष्ठ."

इथं जरा आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्या भागात त्या काळी माणसाचा जन्म घरात व्हायचा, पण जन्मतारीख शाळेत ठरायची. नाव घालायला नेलं की गुरुजी पोराकडं एकवार बघायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळं आमच्या नात्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे वाढदिवस एकाच दिवशी येतात. तारीख ठरलेली, साल मात्र गुरुजींच्या मर्जीचं. नानांच्या गुरुजींनी विचार केला, पोरगं हुशार आहे, उद्या नोकरीला लागलं तर चार वर्षं जास्त खाईल, आणि त्यांची चार वर्षं कापली. आईचं उलटं झालं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर ठरवलं होतं की लेकीला स्वतःच्या पायावर उभं करायचं. नर्सिंगच्या प्रशिक्षणाला जेवढं वय लागत होतं त्याला तिची तीन वर्षं कमी पडत होती. गुरुजींनी ती घातली. म्हणजे खरे नाना ब्याऐंशीचे, खरी आई सत्त्याहत्तरची, आणि कागदावर आई नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली.

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तोवर दोघंही ज्येष्ठच्या एकाच रांगेत उभे होते, त्यामुळं कुणाचं काही अडत नव्हतं. त्या वर्षी आई पहिल्यांदा पुढं निघून गेली. आणि नानांचं तर सगळं थोरलेपणावर चाललेलं. त्यांच्या बरोबरीचे एकेक करून गेले. आता वस्तीत त्यांच्याहून मोठं कुणी उरलेलं नाही. विहारात मेणबत्ती लावायचा मान थोरल्या माणसाचा, म्हणून तो त्यांचा. कुणाच्या घरी भांडण झालं तर आधी त्यांना बोलावतात. वयाशिवाय आता त्यांच्यापाशी दुसरं काही शिल्लक नाही असं ते स्वतःच म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांची मान ताठ होते.

"माजं बी ऐंशीच्या वर लाव," नाना म्हणाले.

"पॅनकार्डावर जी तारीख आहे तीच लागते, नाना."

"मग पॅनकार्ड बदलू. निजाम पडला, पोलीस ॲक्शन झाली तवा मी म्हशी वळत व्हतो. कागदावर मी तवा तीन वर्साचा. तीन वर्साचं लेकरू म्हशी वळतंय का? त्या टॅक्सवाल्यांना म्हनावं, इथं या आन् सांगा."

मी समजावून सांगितलं की वय वाढवलं तर कुणीतरी विचारील, गुरुजी, मग शेवटची चार वर्षं पगार कशाचा घेतला? नानांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या आईला राहवलं नाही. घरात गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते.

"तुमी चार वर्सं जादा खाल्ली. माजी तीन बुडाली," ती म्हणाली. "दोगांचं मिळून बघितलं तर सरकारचं एकच वरीस तुमच्याकडं निगतंय. तेवढं देऊन टाका आन् व्हा ऐंशीचे."

मला हसू आवरेना. आईला चेव आला. येत्या पौर्णिमेला विहारात मेणबत्ती मीच लावणार, हवं तर आधार कार्ड घेऊन येते, असंही तिनं ऐकवलं. नानांनी पेपराची घडी घातली, शर्ट चढवला, फोन खिशात टाकला आणि जाऊन येतो म्हणून निघून गेले. ते कुठं जातात हे मला विचारायची गरज नव्हती. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून नाना रुसले की मांजरसुंब्याला जातात, फाट्यावरच्या हॉटेलात चहा पितात आणि परत येतात. कागदावरची अठ्ठ्याहत्तर त्या कामाला पुरते.

मी आईचं विवरणपत्र पुरं करून पाठवलं. आता फक्त ते पडताळायचं राहिलं होतं. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते पंधरा मिनिटांत भरायचे. मी बटण दाबलं आणि आईला म्हटलं, फोन आण. आई म्हणाली, माझ्या आधारला ह्यांचाच नंबर जोडलाय. म्हणजे आईची ऐंशी नानांच्या खिशात, आणि नाना एसटीत.

मी फोन लावला. "नाना, मेसेज आला का?"

"आलाय. लई झ्याक सहा आकडे हायेत."

"सांगा ना मग."

"कावून? अठ्ठ्याहत्तरच्या पोराला कोन इचारतंय? घरात थोरली मानसं हायेत, त्यांना इचार."

आणि फोन ठेवून दिला. पंधरा मिनिटं उलटली. मी पुन्हा आकडे मागवले. या वेळी नानांनी फोन उचलला, मागे कुणीतरी भज्यांची ऑर्डर देत होतं. नाना म्हणाले, "पयला आकडा सांगू का? सात हाय." आणि परत ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही. मला खरंच राग आला. पन्नाशीची बाई मी, रविवार घालवून बसलेली, आणि हा माणूस मांजरसुंब्याला भजी खातोय. तीस दिवसांत पडताळलं नाही तर विवरणपत्र भरलंच नाही असं धरतात, हे मी आईला सांगितलं. दुसरा मार्गही सांगितला, की कागद छापून सही करून बेंगळुरूला पोस्टानं पाठवता येतो.

"नवरा मांजरसुंब्याला आन् मी कागद धाडू बेंगळुरूला?" आई म्हणाली. "येऊ दे त्याला."

आई नानांना एकेरीत फक्त त्यांच्या माघारी बोलते, आणि तेही चिडली तरच.

नाना पाचच्या सुमारास आले. मूड चांगला होता. आईसाठी कागदात बांधून भजी आणली होती. आई बाजेवर पाय सोडून बसली होती. संध्याकाळी तिचे पाय सुजतात. नाना समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला.

"मी थोरला हाय म्हन," ते म्हणाले. "मंग देतो नंबर."

"कागदावर मी थोरली," आई म्हणाली. "थोरल्या मानसाच्या पाया पडत्यात. तुमी पडा, मंग द्या."

"तुला ह्या घरात आनली तवा तुला साडी सावरत नव्हती. तू थोरली?"

मी आपली मजा बघत होते. लॅपटॉप मांडीवर, बटणावर बोट. मला वाटलं, अजून दहा मिनिटं चालेल आणि मग नाना हसतील. पण आईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"थोरली व्हायाला मी गेलते का कुनाकडं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पंदरा वर्साची व्हते. पयल्याच आठवड्यात मला बाळंतपनाला हुबं केलं. ती बाई वरडत व्हती, रगत वाहत व्हतं. मी भिताडाला टेकून रडाया लागले. सिस्टर म्हनली, अठरा वर्साची घोडी झाली आन् रडती कावून? मला लई वाटलं सांगावं, की बाई, मी पंदराचीच हाय. पन सांगितलं आसतं तर घरी धाडलं आसतं. आन् बापानं गुरुजींच्या हातापाया पडून ती तीन वर्सं मागून आनलती. मंग म्हनले, हो सिस्टर, आन् कंदील धरला."

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"रिटायर बी तीन वर्सं आदीच झाले. पाय धड व्हते, हात धड व्हते, आन् म्हनले, घरी जा. तवा तुमी शाळंत जातच व्हते. त्या तीन वर्सांचं मला आजपातुर काय मिळालं? ह्येच पयल्यांदा मिळतंय. आन् ते तुमी खिशात घालून फिरताय."

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. आईच्या नोकरीच्या कितीतरी गोष्टी मला पाठ आहेत, पण त्या सगळ्या मोठ्या बाईच्या आहेत. कंदील धरलेली पंधरा वर्षांची मुलगी त्यांत कुठंच नव्हती. दुपारी मी "अतिज्येष्ठ नागरिक" म्हणून आईला खिदळत वाचून दाखवलं होतं, त्याची मला लाज वाटली.

नानांनी आईच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं. मग खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उठले. मला वाटलं, आता पुन्हा बाहेर जाणार. पण ते बाजेपाशी गेले आणि वाकायला लागले. त्यांचे गुडघे धड नाहीत, दोन वर्षं ते मांडी घालून बसलेले नाहीत. एक हात बाजेच्या कडेला, एक आईच्या पायाकडं, असे ते खाली खाली गेले. खिशातला फोन घसरून जमिनीवर पडला. आईनं त्याकडं बघितलंही नाही. तिनं पाय झटकन वर घेतले आणि दोन्ही हातांनी नानांचे खांदे धरले.

"उठा," ती म्हणाली. "ब्याऐंशीच्या मानसानं आसं वाकायचं आसतं का?"

नाना तसेच अर्धवट वाकलेले राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"लिहून घे, माय," ते म्हणाले. "ब्याऐंशी म्हनली ती."

विवरणपत्रात तसा रकाना नव्हता. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि त्यांना दाखवलं. मग त्यांनी न मागता जमिनीवरच्या फोनकडं बोट केलं.