बिडीचा हात

माझा हात घट्ट होता, आणि त्यात माझा काही गुन्हा नव्हता. अक्षरे गिरवायच्या आधी मी बिडीला दोरा बांधायला शिकले. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पाने आणि तंबाखू, दोन्ही कारखान्यातून मिळालेली. पान वळायचे, दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि कचकन ओढायचे. दोरा सैल राहिला तर बिडी उलगडते, आणि कारखान्यातला चेकर ती उचलून बाजूला फेकतो. आमच्याकडे त्याला छाट म्हणतात. छाट झालेल्या बिडीची मजुरी नाही, वर बोलणी वेगळी. वडील गेल्यापासून आम्हा मायलेकींची चूल पेटायची ती बिड्यांवरच. मला चौथीपर्यंत शाळेत धाडले, तेवढीच काय ती आमच्या घरातली चैन.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षे झाली असतील. गोंदियाला रेल्वेलाइनीच्या पलीकडे आमची वस्ती होती. बिड्या पोचवायला जाताना वाटेत रेल्वेचे क्वार्टर लागत. तिथे एका गार्डाची बंगाली बायको थंडीत पायरीवर उन्हाला बसून स्वेटर विणायची. मी रोज उभी राहून बघायचे. एक दिवस तिनेच विचारले, "सीखोगी?" आणि मी तिच्या शेजारी बसले.

तिच्याकडूनच मला कळले की भंडाऱ्याला बायकांसाठी शिवण-विणकामाचा सरकारी वर्ग निघतो आहे. वर्षभर राहणे-खाणे त्यांचे, आणि पास होणाऱ्या बाईला गावोगावी शिकवायची नोकरी. चौथी पास चालते. निवडीला येताना लहान मुलाचा एक स्वेटर विणून आणायचा आणि त्यांच्यासमोर बसून थोडे विणून दाखवायचे. आई रात्रंदिवस खोकायची, ते तंबाखूच्या धुळीने, आणि त्या वर्षी मलाही तसलाच खोकला लागला होता. मला त्या सुपापासून सुटायचे होते. दुसरा कोणताही रस्ता मला दिसत नव्हता.

सायकलच्या तारा दगडावर घासून मी सुया केल्या. त्या बंगाली बाईंनी नवऱ्याचा जुना निळा स्वेटर उसवून लोकर दिली. ती वळ्यावळ्यांची लोकर धुऊन, खाली वजन बांधून, वाळवून सरळ केली. मग टाके घातले. पहिल्या ओळीनंतर सुई टाक्यात शिरेना. मी जोर लावला, तर तार वाकली.

"ढीला छोड़ो, बेटी," बाई म्हणाल्या. "ऊन है, रस्सी नहीं।" लोकरीला त्या ऊन म्हणत.

सांगायला काय जाते! माझे बोट दोरा लागला की आपोआप ओढायचे. पहिली पट्टी इतकी कडक झाली की जमिनीवर उभी राहिली. आईने त्या पट्टीने धरून चुलीवरचे भाताचे पातेले उतरवले आणि म्हणाली की चला, कशाच्या तरी कामी आली. मग मी लग्न होऊन गेलेल्या थोरल्या बहिणीच्या पोरीसाठी टोपी विणली. ती तिच्या डोक्यावर चढेना. पोर रडायला लागली, तशी मी चिडून टोपी तांब्यावर घालून पाहिली. मेली तांब्यावरही बसली नाही.

बाई चिकाटीच्या होत्या. त्यांनी आपल्या जाड सुया दिल्या, आणि प्रत्येक टाक्याला श्वास सोडायला सांगितला. मला हसू यायचे, पण मी श्वास सोडत राहिले. आणि एक दिवस ते झाले. लोकर बोटावरून नुसती सरकत गेली, सुलट गेली, उलट गेली, आणि हातात जे उतरले ते मऊ होते. मी ते गालाला लावून बघितले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि सांगून टाकते, त्यानंतरही नाही.

भाचीच्या मापाचा स्वेटर भराभर तयार झाला. गळ्यातून तिचे डोके अलगद बाहेर आले, आणि ती हसली.

त्याच आठवड्यात आई कारखान्यातून परत आली आणि तिने पदरातल्या बिड्या माझ्यापुढे ओतल्या. सगळ्या छाट. सगळ्या माझ्या हातच्या.

"हात कायले ढिला सोडून राहिली वं?" ती म्हणाली. "चेकर म्हणते, आता असा माल आला तर पान-तंबाखू बंद. तुया स्वेटर आपन खाऊ का?"

मी तिला निवडीचे सांगितले, थोडे दिवस थांब म्हणून विनवले. तिने सगळे ऐकून घेतले. वर्षभर मी नसले तर ती एकटी काय करेल, हे तिने विचारलेही नाही. एवढेच म्हणाली, "जाय. पन तवापर्यंत तं खावंच लागते न."

मी सुया गुंडाळून ठेवल्या आणि निवडीच्या दिवसापर्यंत बिड्या वळल्या. दोरा कचकन ओढत.

निवड गोंदियातच होती, एका शाळेच्या खोलीत. भंडाऱ्याहून आलेल्या बाईंनी माझा स्वेटर हातात घेतला, ताणून बघितला, उलटा करून बघितला. चेहरा खुलला त्यांचा. मग म्हणाल्या, "आता इथे बसून थोडे विणून दाखव." मी टाके घातले. श्वास सोडला. बोटाने लोकर ओढली. पुन्हा श्वास सोडला, बोटाने पुन्हा ओढली. थोड्या ओळी झाल्यावर त्यांनी विणकाम मागून घेतले आणि स्वेटरशेजारी ठेवले. एक मऊ, एक फळीसारखे.

"हा स्वेटर कोणी विणला?"

"मीच."

"एका हाताचे असे दोन तऱ्हेचे विणकाम होत नसते, मुली. खोटे बोलू नये."

बिडीचे सांगावे असे मनात आले. पण खोलीत इतर मुली होत्या, त्यातली एक तोंडावर पदर घेऊन हसत होती. आणि सांगून तरी काय? त्यांना मऊ हात हवा होता, आणि तो त्या दिवशी माझ्याजवळ नव्हता. मी स्वेटर उचलला आणि घरी आले. वाटेतल्या क्वार्टरकडे मी मान वर करून बघितलेही नाही.

घरी आई दारातच उभी होती. मी काही सांगायच्या आत तीच बोलायला लागली. सकाळी माझ्या बिड्या नेल्या होत्या आणि एकही छाट झाली नव्हती. चेकरने उलट कौतुक केले होते. किती दिवसांनी तिचा चेहरा असा बघत होते मी.

"आला बाप्पा तुया हात परत," ती म्हणाली.

त्या शब्दांचा मला जितका राग आला तितका आईचा कधीच आला नाही. तिने ताट वाढले आणि आपल्या वाटणीची सुकटही माझ्याच भातावर घातली. मी जेवले, हात धुतले, आणि सूप मांडीवर घेतले.