दहा ते चारचा डॉक्टर

मी आयुष्यात एकदाच डॉक्टर झालो, सकाळी दहा ते दुपारी चार.

खरे डॉक्टर म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. वय चौऱ्याहत्तर. विसरवाडीत हायवेला लागून घर, घरातच पुढे दवाखाना, आणि पेशंट थेट डोंगरातल्या पाड्यांवरून येणारे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. शाळेत मराठी शिकवतो आणि गॅदरिंगच्या नाटकात राजापासून भुतापर्यंत काहीही होतो. डॉक्टर तेवढा व्हायचा राहिला होता!

डॉक्टरांना दर पाच वर्षांनी आपली नोंदणी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी नव्या शिक्षणाच्या व्याख्यानांना बसायचं, सही करायची, पॉइंट जमवायचे. आप्पांना दोन पॉइंट कमी पडत होते आणि मुदत महिनाअखेर संपत होती. दोन पॉइंट नाहीत, तर डॉक्टर नाहीत! त्यातल्या त्यात नशीब म्हणजे नंदुरबारला रविवारी एक व्याख्यान होतं, सर्पदंशावर. पण आप्पा जागचे हलेनात.

“पेशंट सोडीसन मी नंदुरबारले कशा जाऊ रे? आनि साप चावना तं काय करानं, हाई आते माले पोऱ्यासोऱ्यास्नी शिकाडानं का?”

तेही खरंच होतं. सर्पदंशात आप्पांचा हातखंडा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या हातभर पट्ट्या कापून त्यांनी पाड्यापाड्यावर वाटल्या होत्या. साप चावला की वरच्या बाजूला पट्टी करकचून आवळायची आणि मिळेल त्या जीपने दवाखाना गाठायचा. घरोघरी दाराजवळच्या खुंटीवर ती टांगलेली असायची. लोक तिला ‘डॉक्टरनी पट्टी’ म्हणत. ट्यूब कापायचं काम माझ्याकडे. (वैद्यकशास्त्राची मी केलेली एवढीच सेवा. ती पुरेशी होती, हे पुढे कळेलच.)

“मी जातो,” मी म्हणालो. “तुमच्या नावाने बसतो, सही करतो, सर्टिफिकेट घेऊन येतो.”

आईने पोळपाटावरून मान वर केली. “तू? तुले तं रगत दिसनं का चक्कर येस!”

“आई, तिथे रक्त नसतं. जेवण असतं.”

आप्पा ‘हो’ म्हणाले नाहीत. ‘नाही’ही म्हणाले नाहीत. समोरच्या पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत राहिले.

रविवारी मी आप्पांचा कोट चढवला, गळ्यात त्यांच्या नावाचं कार्ड घातलं आणि हॉलमध्ये असा शिरलो, की दोघे जण उठून उभे राहिले! केस माझे पन्नाशीतच पांढरे झालेत; बाकी युक्ती सोपी होती. कमी बोलायचं आणि चष्म्यावरून बघायचं. जेवताना एकाने विचारलं, “सर, तुम्ही हल्ली स्टेरॉइड कितपत वापरता?”

“पेशंट बघून,” मी म्हणालो.

तो इतका भारावला, की त्याने स्वतःच्या ताटातला गुलाबजाम माझ्या ताटात ठेवला.

सकाळ उद्घाटनात आणि सत्कारांत गेली, सगळं छान चाललं होतं. पण जेवणानंतर व्याख्यान सुरू करण्याआधी तरुण डॉक्टरबाई नावांची यादी बघत म्हणाल्या, “डोंगरी भागात चाळीस वर्षं काम केलेले एक सर आज आपल्यात आहेत. सर, दोन शब्द बोलाल?”

आणि त्यांनी माझ्या हातात माइक दिला. माझ्या! माइक दिसला की मला शेवटचा अंक होईपर्यंत खाली बसता येत नाही.

मी आप्पांच्या एका पेशंटची, रमनची गोष्ट सांगितली. भर दुपारी भाताच्या शेतात रमनच्या घोट्याला साप चावला. बायकोने धावत जाऊन खुंटीवरची पट्टी आणली आणि गुडघ्याखाली आवळली. (इथे मी स्वतःचा पाय खुर्चीवर ठेवून आवळून दाखवला.) जीप मिळायला तीन तास गेले. पाय काळा पडला, पुढे तो गुडघ्यापासून कापावा लागला. “पण मित्रहो, माणूस जगला!” मी हात उंचावला आणि टाळ्यांसाठी थांबलो.

कुणी टाळी वाजवली नाही.

बाई फार हळू आवाजात बोलल्या. “सर, तो पाय सापाने नाही नेला. पट्टीने नेला. आवळून बांधलं की विष थांबत नाही, रक्त थांबतं. काहीही आवळायचं नाही. पाय न हलवता माणसाला लवकरात लवकर इंजेक्शनपर्यंत पोचवायचं.”

“हे... केव्हापासून?”

“बरीच वर्षं झाली, सर. म्हणून तर आपण असे जमतो ना.”

चार वाजता मला सर्टिफिकेट मिळालं. त्यावर आप्पांचं नाव होतं आणि दोन पॉइंट होते. विसरवाडीपर्यंत एसटीत मी कुणाशीही बोललो नाही. (माझा विक्रम.)

घरी आई दारातच उभी होती. “वना का डॉक्टर? कोनले मारी टाकं आज?”

मी आप्पांसमोर बसलो आणि जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट हातवारे न करता सांगितली. ते ऐकत होते. शेवटी फक्त म्हणाले, “रमन?”

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी सर्टिफिकेट मागून घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं, आणि फाडलं. महिनाअखेर नोंदणीची मुदत संपली. आप्पांनी स्वतः स्टुलावर चढून दवाखान्याच्या पाटीला चादर बांधली. पेशंट यायचे, त्यांना ते नवापूरला पाठवायचे. “मी आते डॉक्टर नही,” एवढंच सांगायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा रुसला.

मग आम्ही जीप करून पाड्यापाड्यावर जाऊ लागलो, दिलेल्या पट्ट्या परत मागायला. लोक देईनात. “डॉक्टरसाहेब, नवी देनार का?” एका म्हातारीने तर माझ्या हातावर फटका मारला आणि पट्टी कमरेला खोचली! मी हसलो. आप्पा हसले नाहीत. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून समजावू लागले.

रमनचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. रमन कुबडी टेकत बाहेर आला, खाट टाकली, हात जोडले. आप्पांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. रमन आधी हसला. “जाऊ द्या ना, डॉक्टरसाहेब. मन्हा जीव तं वाचना ना!” मग त्याने विचारलं, “पट्टी नसती बांधी, तं पाय वाचता का?”

आप्पांना खोटं बोलता आलं असतं. मी तर लगेच बोललो असतो.

“वाचता,” आप्पा म्हणाले.

रमनने बायकोकडे पाहिलं. तिने स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

“इना काही दोष नही,” आप्पा घाईघाईने म्हणाले. “मीच शिकाडेल व्हतं.”

मग ती उठली आणि तिने आमच्यासाठी चहा ठेवला. तो चहा आप्पांना संपवता आला नाही.

पुढचं व्याख्यान दोन महिन्यांनी झालं. आप्पा पहाटेच तयार झाले. पहिल्या रांगेत वही उघडून बसले. मी पिशवी सांभाळायला शेजारी. नेमक्या त्याच डॉक्टरबाई आल्या आणि मला बघून थबकल्या.

“सर, तुम्ही! आणि हे?”

“माझे वडील,” मी पुटपुटलो.

“अरे वा! तेही डॉक्टर?”

आप्पांनी वहीतून डोकं वर काढलं. “डॉक्टर मीच. हा शाळेत मास्तर आहे. मागच्या वेळी माझ्या जागी येऊन बसला. चूक माझी, मी अडवलं नाही.”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. “पण... ते बोलले किती छान!”

“त्याला तेवढंच येतं,” आप्पा म्हणाले, आणि नव्या पानावर तारीख घातली.