शिवण बाहेर

आमच्या समोरच्या घरात टेलर मास्तर राहतात. शिवणीच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नाहीत. आतली शिवण बाहेर जरा जरी डोकावली, तरी अख्खा सदरा उसवतील. वीस वर्षं मी त्यांच्या कामात खोट शोधतेय. एकदाही सापडली नाही, हीच माझी खंत.

मागच्या साली त्यांच्या पाच वर्षांच्या छकुलीच्या अंगावर फोड उठले. गोल गोल, मणी ओवल्यासारखे. मी लगेच अक्कल पाजळली, "कांजिण्या!" कसल्या कांजिण्या? तीन दवाखाने पालथे घातल्यावर एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीराचे राखणदारच चुकून कातडीवर उठलेत. कुंपणच शेत खातंय म्हणा ना. दुर्मीळ आजार आहे, पण कुणाला लागत नाही. औषधानं आटोक्यात येईल. तोवर कपडा घासू देऊ नका."

आणि घासत काय होतं? मास्तरांची ती लाडकी आतली शिवण. गणवेश घातला, की काखेत, कमरेवर नवा फोड. मास्तरांनी गणवेश उसवला आणि शिवण बाहेर काढून पुन्हा शिवला. शाळेतल्या मोठ्या बाईंनी लागण होईल म्हणून पोरीला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं, वर निरोप धाडला, "उलटा गणवेश चालणार नाही." छकुली म्हणाली, "मी शाळेत जाणारच नाही."

सोमवारी मास्तर तिचं बोट धरून निघाले. मी गॅलरीतून ओरडले, "अहो भावोजी, तुम्ही शर्ट उलटा घातलाय!" सगळी गल्ली वळून बघायला लागली.

"उलटा नाही, वहिनी. मुद्दाम शिवलाय. बापलेकीचा एकच गणवेश."

चपला अडकवून मीही मागोमाग गेले.

मास्तरांनी बाईंच्या टेबलावर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली. "बोट फिरवून बघा, बाई. एक टाका वाकडा निघाला तर पोरीला घरी नेतो."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग छकुलीच्या खांद्यावरून बोट फिरवलं. कुठे अडलं नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला, वर्गात नेलं आणि जुन्या जागेवर, मैत्रिणीशेजारी बसवलं.

परतताना मी म्हटलं, "मलाही शिवण बाहेर असलेला एक कुडता शिवा की."

"तुम्हाला कशाला, वहिनी? तुमची कातडी जाड आहे."

फोड आता क्वचित उठतात. मास्तर मात्र दर सोमवारी तोच शर्ट घालून दुकानात बसतात. नवं गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं, की मी त्याला धरून सगळी हकिकत ऐकवते. मास्तरांनी टाके घालावेत. बढाई मारायला मी आहे.