निराधारचा पगार

राणी कोळेकर ही बाई बाळासोंना खरी किती ठाऊक होती, असं कुणी विचारलं तर त्यांना खाली बघावं लागेल. नऊ वर्षं ती त्यांच्या गल्लीत, चार दारं सोडून राहिली. नवरा विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून गेला, मुलगी शिवांजली सातवीत, माहेर पूर्वेला दुष्काळी भागात कुठंतरी. त्या गावाचं नावही त्यांनी कधी विचारलं नाही. नाईक म्हणून सैन्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला सगळं गाव मेजर म्हणतं, आणि मेजरना दारातल्या बाईशी दोन वाक्यं बोलायचा धीर होत नाही.

द्राक्षांच्या हंगामात तीन महिने राणी शेडवर बेदाणा निवडायला जाई. उरलेले नऊ महिने मायलेकींचं निराधार योजनेच्या पैशावर आणि मिळेल त्या खुरपणीवर चाले. त्या पैशाला गावात कुणी अनुदान म्हणत नाही. म्हातारी असो, विधवा असो, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: पगार. पगार आला का, पगार तटला का.

गेल्या वर्षी या पैशाची चौकशी लागली. ऋषिराज नावाचा नवा कारकून आला. घरोघर जाऊन बघायचं, असं त्याच्या कागदावर लिहिलं होतं. पण गल्लीतला चिखल बघून त्यानं बायांनाच चावडीत बोलावलं. शेजारी दिग्विजय बसला होता. आठ एकर बाग, दाराशी दोन गाड्या, आणि आई अंबूबाई कागदोपत्री निराधार. ती पगार आणायला बँकेत चारचाकीतून जाते, उतरताना ड्रायव्हर दार धरतो. तिची चौकशी कुणी केली नाही. कारकुनाचा चहा तिच्याच घरून आला होता.

पंच म्हणून बाळासोंना बसवलं होतं. न बोलणारा पंच सगळ्यांनाच सोयीचा.

"काम काय करतीस?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"हंगामात शेडवर जाती. बेदाणा निवडायला."

"पगार मिळतो?"

"मिळतो की."

"दर महिन्याला?"

"दर महिन्यालाच. कवा कवा दोन महिन्यांचा एकदम येतो."

कारकुनानं लिहिलं: बेदाणा शेडवर नियमित पगारदार. बाळासोंना ते समोरून दिसलं. ही निराधारच्या पगाराबद्दल बोलते आहे, हे त्यांना कळलं. दिग्विजयलाही कळलं असणार, कारण तो मिशीत हसला. बाळासोंनी घसा खाकरला, पेन घेतलं आणि सही केली.

दोन महिन्यांनी राणीचा पगार बंद झाला. निराधार म्हणून पगार मिळत होता, त्या पगारामुळंच ती निराधार उरली नाही. एवढी अक्कल चालवायला सरकारनं एक माणूस नेमला होता.

राणी बाळासोंच्या दारात आली. "आवं मेजर, तुमी तितं हुता की. माझ्या नावापुढं काय लिवलं?"

"बघितलं न्हाई," बाळासो म्हणाले. असं धडधडीत खोटं ते सैन्यातही कधी बोलले नव्हते. मग फारच लाज वाटून ते तिच्याबरोबर एसटीनं तालुक्याला गेले.

कचेरीत दिग्विजय आधीच त्याच कारकुनाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला होता. उपकार करायची त्याला हौस फार. "त्यात काय हाय, राणी? स्टॅम्पपेपरवर लिहून दे, वर्षभरात मी कुठलंबी काम केलं न्हाई. पगार परत सुरू. आमच्या आईनंबी दिलंय."

"तुमच्या आईनं खरंच काडी हलवली न्हाई," राणी म्हणाली. "तिचं बरोबर हाय. माझ्यासंगं शेडवर धा बाया हुत्या, त्यांच्या तोंडाकडं कशी बघू?"

कारकून हसला. दिग्विजय हसला नाही.

बाळासो उठून उभे राहिले. "साहेब, ते पगार म्हंजे... त्या दिवशी..."

"मेजर, तुमाला पेन्शन हाय न्हवं?" दिग्विजय म्हणाला. "बसा निवांत."

बाळासो बसले. उभं राहायला जेवढा वेळ लागला होता, तेवढाही बसायला लागला नाही.

राणीनं सही केली नाही. हंगाम संपला तशी खुरपणीही मिळेना. पलूसकडं एका पोल्ट्रीवर बारा महिन्यांचं काम आणि राहायला खोली मिळते म्हणून तिनं सामान टेम्पोत भरलं. आता ती खरीच नियमित पगारदार होणार होती. कारकुनाचा कागद अखेर खरा ठरला.

बाळासो किटली घेऊन टेम्पोच्या शेजारून निघाले होते. पंचनाम्याचं सांगून टाकावं असं त्यांच्या मनात होतं, की नव्हतं, हे आता त्यांनाही सांगता येत नाही.

"दुधाला निघालाय व्हय?" राणीनं टेम्पोतून विचारलं.

"व्हय."

"कडंकडंनं जावा, मेजर. गटारीचं झाकण काढलंय."

"बरं," बाळासो म्हणाले.