थोरली आणि धाकटी अळंबी

नंदुरबारहून जीप सुटली तेव्हाच जोशी सरांशी माझा वाद जुंपला होता. आम्ही दोघेही निवृत्त विज्ञानशिक्षक. सातपुड्यात वारुळांवर दोन रानअळंब्या उगवतात. एक थोराड, वीतभर छत्रीची, दुसरी नखाएवढी. दोन्ही झपाट्याने कमी होताहेत. सरांच्या मते धाकटी म्हणजे थोरलीचं पिल्लू. मी म्हणत होते, बहिणी असतील, पण जाती वेगळ्या.

"खावानी चीज शे ती. भांडण कसाले?" (खायची वस्तू आहे, भांडण कशाला?) आमचा कोरीट गावचा जीपवाला म्हणाला.

डोंगरातल्या मोलगी गावच्या बाजारात अळंबी कुठेच नव्हती. काकड्या विकणाऱ्या ठेंगण्या सोनीबाई म्हणाल्या, "आधी डोंगरभर होती. आता शेतासाठी वारुळं सपाट करतात. उरलीसुरली लोक कळ्या असतानाच उपटतात."

त्यांना एक वारूळ ठाऊक होतं. जागा कुणाला सांगायची नाही, ही अट. आम्ही मान डोलावली.

मग त्यांच्या मागून दोन तास चाललो. दोन ओढे ओलांडले. एका ओढ्यात सर बसले, ठरवून नव्हे. शेवटी झाडीत वारूळ दिसलं. एका अंगाला थोरल्या, पायथ्याशी शेकडो धाकट्या, सांडलेल्या साबुदाण्यासारख्या.

सरांनी मूळ बघायला खुरपं काढलं. सोनीबाईंनी हातावर फटका मारला.

"खणू नको! वाळवीचं घर मोडलं तर पुढच्या साली काय उगवणार?"

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बहुधा चाळीस वर्षांनी कुणी 'तू' म्हणत होतं. ते खुरपं पिशवीत टाकून वाकून बघू लागले. थोरलीची पिल्लं मुठीसारखी मिटलेली होती. धाकट्या मात्र पूर्ण उमललेल्या.

"पण आकार..." सर पुटपुटले.

"मी तुझ्या खांद्याला लागते," सोनीबाई म्हणाल्या. "म्हणून मी तुझी पोरगी का?"

वाद तिथेच मिटला.

सोनीबाईंनी आम्हाला दुसऱ्याच वाटेने सडकेवर, जीपपाशी सोडलं. जीप पहिल्या वळणावर चढली आणि खाली त्यांचं घर दिसलं. अंगणात त्या काकड्यांची टोपली उतरवत होत्या. घरामागे, वीस पावलांवर, थोरल्या छत्र्यांचं तेच वारूळ!

"काय दिखी ऱ्हायनं?" (काय दिसतंय?) जीपवाल्याने विचारलं.

"काही नाही!" आम्ही एका सुरात म्हणालो.

नंदुरबारला परतल्यावर दोघे नोंदवही लिहायला बसलो. अचूक नोंदी करा, म्हणून आम्ही जन्मभर पोरांच्या मागे लागलो होतो. 'ठिकाण' या रकान्यात सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मोलगीपासून दोन तास पायी, दोन ओढे ओलांडून.' मी खाली सही केली.