सुलतानचं गुरगुरणं

बेलपाड्यात म्हात्र्यांच्या नव्या दुमजली घरात सुलतान आला त्या वर्षी खारघरात इमारतींचं पीक आलं होतं. प्रितेशचा रेती-खडीचा धंदा जोरात होता. घराला लोखंडी गेट झालं, मग गेटला शोभेल असा जर्मन शेफर्ड हवाच, म्हणून तो पिल्लू घेऊन आला.

प्रितेशची आई गुणाबाई. उभं आयुष्य भाताच्या खाचरात आणि म्हशींच्या गोठ्यात गेलेलं. शेत गेलं, म्हशी गेल्या, हात रिकामे झाले. सुलतानला भात-मटणाचं ताट वाढायचं काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं, आणि पिल्लूही तिच्या पायात पायात करू लागलं.

ते वाढलं तशी एक खोड दिसू लागली. जेवताना कोणी जवळ गेलं की मान ताठ व्हायची आणि घशातून गुरगुर निघायची. एकदा गुणाबाईच अर्धवट राहिलेलं ताट उचलायला वाकली आणि तो तिच्यावर गुरगुरला. ती दचकली. रागही आला. ज्याला आपण भरवतो तोच आपल्याला दात दाखवतो?

संध्याकाळी तिनं प्रितेशला सांगितलं, "मना भ्या वाटतं रं त्याचं. काय तरी कर."

प्रितेशनं कुत्री शिकवणारा एक माणूस आणला. त्याच्या हातात वेताची छडी आणि ओढलं की गळा आवळणारी साखळी. "कुत्र्याला धाक पायजे," तो म्हणाला. सुलतानपुढे ताट ठेवायचं, मुद्दाम जवळ जायचं, तो गुरगुरला की साखळीला हिसका आणि छडी. रोज हेच.

गुणाबाई ओट्यावरून बघायची. कुत्रं मान फिरवायचं, पुन्हा पुन्हा ओठ चाटायचं, शेपूट पोटाखाली घ्यायचं. मारकुट्या माणसापुढे म्हैस पान्हा चोरते, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण तक्रार आपणच केलेली, आता कोणत्या तोंडानं अडवायचं, म्हणून ती गप्प राहिली. पावसाळा सरता सरता गुरगुर बंद झाली. प्रितेश येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा, "बघा, ताटात हात घातला तरी आवाज नाय."

दिवाळीनंतरची एक दुपार. प्रितेशची चार वर्षांची मुलगी पूर्वी चेंडूमागे धावत ताटापाशी गेली आणि वाकली. सुलतान गुरगुरला नाही. सरळ गालाला चावला.

पोरीला टाके पडले. प्रितेशनं कुत्र्याला हाताला येईल त्यानं बडवलं आणि त्याच दिवशी नेऱ्याला, ओळखीच्या माणसाच्या फार्महाऊसवर बांधून आला. चावलेल्या कुत्र्यावर काही दिवस नजर ठेवावी लागते, म्हणून गुरांचा-कुत्र्यांचा डॉक्टर तिथं बघायला गेला तेव्हा गुणाबाई हट्टानं गाडीत बसली.

"आधी गुरगुरायचा का हा, मावशी?" डॉक्टरनं विचारलं.

"गुरगुरायचा. मग सोडवली सवय."

"कशी?"

"मारून."

डॉक्टरनं सुलतानच्या गळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' असं सांगणं. सांगितलं की मार पडतो, एवढंच शिकला तो. भीती तशीच राहिली."

गुणाबाईनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरनं उपाय सांगितला, तो तिनं नीट ध्यानात ठेवला. तेव्हापासून ती दर आठवड्याला नेऱ्याला जाऊ लागली, डब्यात उकडलेलं कोंबडीचं काळीज घेऊन. सुलतान जेवत असताना लांब उभी राहायची, एक तुकडा ताटाकडे टाकायची आणि मागे फिरायची. ताट उचलायचं नाही, हात लावायचा नाही. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला पटेपर्यंत. तो निवांत खातोय असं दिसलं, तरच पुढच्या खेपेला ती पाऊलभर जवळ जायची.

एकदा घाई झाली. पाऊल जास्त पुढे पडलं आणि सुलतान ताठला. घशातून बारीक गुरगुर आली. फार्महाऊस राखणाऱ्या गड्यानं, वेणूनं, काठी उचलली.

"मारू नको," गुणाबाई म्हणाली. "सांगतोय तो."

ती मागे सरकली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि वेणूला कारण कळेना.

पुढच्या थंडीपर्यंत ती ताटाशेजारी बसली तरी सुलतान शेपूट हलवू लागला. मग तिनं लेकापाशी विषय काढला. "आता आणूया का त्याला?"

"आये, घरात पूर्वी हाय," प्रितेश म्हणाला. "रस्त्यावर कुत्रं दिसलं तरी अजून तिच्या आयेच्या मागं लपते."

त्याचं चुकत नव्हतं. गुणाबाईनं पुन्हा विचारलं नाही.

पुढे तिचे गुडघे गेले, खेपा कमी झाल्या. काही वर्षांनी वेणूचा फोन आला, कुत्रं गेलं. ती पोचेपर्यंत त्यानं आंब्याखाली पुरलंही होतं.

"मावशे, अलीकडं मी ताटाजवळ गेलो तरी शेपूट हलवायचा," वेणू म्हणाला.

"भ्यायचा नाय ना?"

"नाय."

घरी परतली तेव्हा प्रितेश टीव्हीसमोर बसला होता. तिनं सांगितलं. त्यानं टीव्ही बंद केला.

"माझ्यामुळं लय मार खाल्ला त्यानं. एकदा तरी जायला पायजे होतं मी," तो म्हणाला.

"हां," गुणाबाई म्हणाली. "आन् मी तवाच बोलाया पायजे होतं."

दोघंही मग जेवायला उठली नाहीत.