डावीकडची वीतभर जागा

रूथबाई साळवे कुठेही बसल्या की डावीकडे वीतभर जागा सोडून बसत. स्टाफरूमच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, देवळीहून वर्ध्याला जाणाऱ्या एसटीत, कुठेही. ती जागा कुणी घेऊ लागलं तर त्या भांडत नसत, नुसत्या उठून उभ्या राहत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच उभं. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा सुमार असेल. रविवारची गाडी खच्चून भरलेली, आणि कंडक्टर त्यांच्यापुढे येऊन म्हणतो, "बाई, सरका ना थोडं. तिघाईची सीट हाये, दोघीच बसून राह्यल्या तुमी."

त्या उठल्या. "भाऊ, मी उभी राह्यते. पण हे जागा राहू द्या."

कंडक्टरने कपाळावर हात मारला. मिरच्यांची पाटी घेतलेली एक बाई तेवढ्यात त्या दोन्ही जागांवर ऐसपैस बसून मोकळी झाली. रूथबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. ते तोंड मी विसरले नाही.

दुसऱ्याच दिवशी देवळीच्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले, तर त्याच बाई तिसरीच्या वर्गाबाहेर फळा पुसायचं फडकं झटकत उभ्या. पुढे मला खोलीही त्यांच्या शेजारचीच मिळाली, मधे एकच भिंत. त्यांचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास. काटकुळ्या, पांढऱ्या साडीला बारीक निळे काठ, केसांचा घट्ट अंबाडा. नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता, तो कधीच काविळीने गेलेला. मूलबाळ नाही, असं शाळेत सगळे म्हणत. त्या जागेची शाळेत थट्टाही व्हायची. कुणीतरी म्हणालं, "रूथबाईंच्या डावीकडे येशू बसते." बाईंनी ते ऐकलं आणि वह्या तपासता तपासता म्हणाल्या, "येशू बसला असता त मी खाली बसली असती." मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं की बाईंना स्पर्शाचं सोवळं आहे. ख्रिस्ती लोकांत सोवळं नसतं एवढीही अक्कल मला नव्हती, आणि मी मुलींना नागरिकशास्त्र शिकवत होते!

त्यांची दुसरी खोड म्हणजे कुठलीही गोष्ट पुढे ढकलायची नाही. मुलीच्या झग्याचं बटण तुटलेलं दिसलं की तास थांबवून टाका घालतील. परीक्षेचे पेपर त्याच दिवशी तपासून हातावेगळे. मी परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला पत्र लिहायचा कंटाळा केला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "सुमन, आत्ताच लिहून टाक. रविवारची वाट नको पाहू." हे त्यांचं पालुपद होतं. मुलींनाही तेच, शिपायालाही तेच. बाकी सगळं जग सवडीची कामं रविवारवर टाकतं, आणि ही बाई रविवारचंच नाव घेऊन दटावते, याचं मला हसू यायचं. कारण रविवारची वाट त्यांच्याइतकी दुसरं कुणी पाहत नव्हतं.

रविवारी त्या चर्चमध्ये जात. माझं माहेर वर्ध्याला लागूनच, सिंदी मेघेचं, म्हणून मीही त्याच गाडीने जायची. जाताना एकत्र, येताना एकत्र. पण त्यांचं चर्च दर दोन-चार महिन्यांनी बदलायचं. कधी वर्ध्यात, कधी पुलगावला, कधी हिंगणघाटला, सुट्ट्यांत थेट नागपूरपर्यंत. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ असतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांनी सगळ्यांना आपली नावं ठेवली होती: मेणबत्तीवाले, टाळ्यावाले, डोहात बुडवणारे. परतीच्या गाडीत मी विचारायची, "आज कसं होतं?"

"पेटी चांगली वाजवते तो मुलगा. चहात आलंही होतं."

"मग?"

"मंग काई नाई. आपलं घर नाई ते."

हा शोध मला आधी शौकच वाटला होता. तसा तो नव्हता. त्यांच्या बायबलमध्ये एक पत्र होतं, घड्यांवर विरलेलं, मागून कापडाची पट्टी लावलेलं. ख्रिस्ती माणूस एक मंडळी सोडतो तेव्हा तिथले पाळक त्याला असं पत्र देतात: हे आमचे सभासद, यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, यांना सामील करून घ्यावे. ते पत्र ज्या मंडळीला द्याल तिथले तुम्ही झालात. मग तिथलं प्रभुभोजन तुमचं, तिथली माणसं तुमची, आणि शेवटी तिथल्या कबरस्तानातली साडेतीन हात जमीन तुमची. रूथबाईंनी वर्ध्याच्या मोठ्या देवळातून, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चमधून, ते पत्र लिहून घेतलं, त्याला वीस वर्षं होत आली होती, आणि अजून ते कुठेच दिलं नव्हतं. त्यांच्या ओळखीतल्या बायका कळवळून म्हणत, "रूथबाई, कुठंतरी देऊन टाका वो ते पत्र. मागंपुढं कोणी नाई तुमाले. मेल्यावर कोण उचलीन?"

"देईन ना. इचारून राह्यली मी."

काय विचारतात, ते मला कळायला माझं बाळंतपण यावं लागलं. सिंदी मेघेला माझी मोठी मुलगी झाली आणि तिसऱ्याच दिवशी रूथबाई हजर. मुलीला मांडीवर घेतलं, डोळे भरून पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न, "नाव ठेवलं?"

आई म्हणाली, "बाराव्या दिवशी बारसं हाये. आत्याबाई यायच्या हायेत अमरावतीवरून."

"आजच ठेवा, माय. कानात सांगून टाका फक्त. आत्याबाई आल्यावर पेढे वाटजा."

"असं कसं? रीत हाये काई."

"मी हात जोडते तुमाले. बारा दिवस नका थांबू." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

आईचा चेहरा उतरला. "असं अभद्र काऊन बोलून राह्यल्या तुमी बाई, लेकराच्या उशाशी?" मलाही राग आला. मी मुलीला त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. रूथबाई थोडा वेळ बसल्या आणि गेल्या. त्या बसल्या होत्या त्या सतरंजीवर डावीकडची जागा मोकळी होती, तेवढी मला दिसली.

रजा संपवून मी देवळीला परत आले. एका दुपारी ओट्यावर त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलीला घेऊन मी त्यांच्या समोर बसले. वर न पाहता त्या बोलू लागल्या.

"मले पोरगी झालती, सुमन. नऊ दिवस जगली. सातव्या दिवशी नर्सबाई म्हणे, लेकरू नाजूक हाये, आत्ताच पाणी शिंपडून घेऊ का? अडीनडीले कोणीबी बाप्तिस्मा देऊ शकते, पाळकच पाह्यजे असं नाई. मी म्हटलं, नाई. रविवारी देवळात करू, सगळ्याइच्या समोर. सासूबाई आष्टीवरून यायच्या होत्या. झबल्याले लेस लावायची राह्यलीती." त्यांनी एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले. "शुक्रवारी गेली."

मी मुलीला मांडीवर सावरून घेतलं.

"पाणी नाई पडलं, म्हणून कुंपणाच्या आत नाई घेतलं तिले. मोठ्या देवळाचा तसा नियम होता. तारेच्या भाईर पुरलं, बाभळीखाली. झबलं घालून. लेस मंग मी रात्रीतून लावली होती." मग त्यांनी माझ्या मुलीच्या पायाला बोट लावलं. "मी त्या दिवशी हो म्हटलं असतं त पोरगी आत राह्यली असती."

प्रत्येक पाळकाला त्या हेच विचारत होत्या: पाणी न पडलेलं लेकरू कुठं राहते? एका ठिकाणी उत्तर मिळालं, तशा मुलांसाठी वेगळी जागा असते, ना सुखाची ना दुःखाची. दुसरीकडे सांगितलं, लहान लेकराला पाण्याची गरजच नसते, पण बाई, तुमचा विश्वास कमी पडतो. एका तरुण पाळकाने त्यांना तीन दिवसांचा उपास सांगितला. एकाने प्रेमानेच म्हटलं, इतकी वर्षं झाली, सोडा आता. बाई सगळ्यांचे आभार मानत आणि पत्र पुन्हा बायबलमध्ये ठेवत. जिथे लेकराला जागा नाही ते आपलं घर कसं, इतका साधा त्यांचा हिशेब होता.

त्या दुपारनंतर एसटीत मी स्वतःच आडवी येऊन ती जागा राखू लागले. कंडक्टरशी भांडायचं काम मी घेतलं, आणि मला ते बरं जमायचं. पण एक सांगते, त्या जागेची मला भीतीही वाटू लागली होती. पोरगी जगली असती तर पंचवीस वर्षांची झाली असती. जागा मात्र वीतभरच राहिली होती. गाडी खड्ड्यात आदळली की रूथबाईंचा डावा हात आपोआप तिकडे जायचा, काहीतरी घसरू नये म्हणून.

असाच एक रविवार. सिंदी मेघेला आमच्या गल्लीच्या मागे टिनाचं एक शेड होतं. सात-आठ घरांची ख्रिस्ती मंडळी तिथे जमायची. पाळक म्हणजे मनोहरबाबा, रेल्वेत सुतारकाम करून निवृत्त झालेले म्हातारे. बाक त्यांनीच ठोकलेले, आणि त्यातले दोन डुगडुगायचे. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी बाईंना बोलवायला गेले, तर उपासना संपून लोक पांगले होते आणि बाई बाबांसमोर उभ्या होत्या. प्रश्न विचारून झालेला होता, हे मी त्यांच्या पाठीवरूनच ओळखलं. मला त्या म्हाताऱ्याचा आधीच राग आला. आता हाही काहीतरी सांगणार.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "मले नाई माईत, बाई. माईत असतं त सांगतलं असतं." आणि बाक पुढे करत, "नाव काय होतं लेकराचं?"

रूथबाई हलल्या नाहीत. बाप्तिस्म्यालाच नाव ठेवायचं होतं, म्हणून नाव नसणार असंच मी धरून चालले होते. आमच्या सगळ्या ओळखीत मी एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या मुलीच्या नावासाठी ज्यांनी हात जोडले, त्यांना उलट विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

"सुवार्ता," रूथबाई म्हणाल्या. मग नीट ऐकू जावं म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. "सुवार्ता."

बाबांनी टेबलावरची वही ओढली. त्यात मंडळीतल्या घरांची नावं होती. नवं पान काढलं, चष्मा सावरला आणि सावकाश लिहिलं: रूथ साळवे. खाली, सुवार्ता. वही बाईंच्या पुढे सरकवून विचारलं, "बरोबर लिवलं ना?" रूथबाईंनी पाहिलं आणि बायबल उघडून ते पत्र बाहेर काढलं.

बाबा एकदम गडबडले. "बाई, हे नका देऊ इथं. देवळात येत राहा, नाव त लिवलं मी. पण आमच्यापाशी कबरस्तान नाई. हे पत्र मोठ्या देवळाले देजा, म्हातारपणी कामात येईन."

"माईत हाये मले," असं म्हणून त्यांनी पत्र वहीत ठेवलं. त्या दिवशी आमची गाडी चुकली. दुसऱ्या गाडीची वाट पाहत स्टँडवर आम्ही बसलो आणि बाईंनी मला भजी खायला घातली.

त्यानंतर सहा-सात वर्षं त्या त्याच शेडमध्ये गेल्या. जागा तिथेही सोडत, फक्त तिथे ती कुणाची आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी नवखं बसायला गेलं की म्हाताऱ्या बायका म्हणत, "तिथं नको, इकडं ये. तिथं सुवार्ता हाये." मी एकदा हे ऐकलं आणि अंगावर काटा आला. रूथबाई मात्र खुशीत हसत होत्या.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात, शाळेला जाण्यासाठी साडी नेसतानाच त्या गेल्या. मोठ्या देवळाच्या कमिटीकडे मीच गेले. सेक्रेटरी सभ्य माणूस होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण पत्र दुसऱ्या मंडळीला दिलेलं, तेव्हा कबरस्तानात जागा देता येत नाही. फार तर कुंपणाबाहेर पट्टी आहे, ती कुणाच्याच नावावर नाही. मी जन्मात बोलले नव्हते तेवढं त्या माणसाला बोलले. आयुष्यभर ज्या तारेने या बाईला छळलं, मेल्यावरही तिला तुम्ही तिच्याबाहेरच ठेवणार का, असं काय काय.

मनोहरबाबा दारात उभे होते. त्यांनी मला हाताने थांबवलं. "भांडू नका, सुमनबाई. पत्र देतानाच रूथबाईले हे सगळं माईत होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खाली बसले.

बाभळीखाली एक हातभर दगड होता. दर नाताळाआधी बाई त्याला चुना लावून येत, त्या वर्षीचा चुना अजून पांढरा होता. शेडमधल्या माणसांनी फावडी आणली होती. खणणाऱ्याने दगडापासून रीतसर अंतर सोडून कुदळीने रेघ ओढली आणि विचारलं, "इथून घेऊ ना?" सगळे माझ्याकडे पाहू लागले, जणू घरचं माणूस मीच.

"अजून जवळ घ्या," मी म्हटलं. "डावीकडे आता जागा सोडू नका."